कुलूपबंद फोनचा दिंडी दरवाजा

मुलांनो, महाबळेश्वरला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. कुणी आईबाबांबरोबर, कुणी शाळेच्या सहलीबरोबर. वेण्णा तलावातली नाव, काठावरची घोडी, गरम मक्याचं कणीस आणि द्रोणातली लालचुटुक स्ट्रॉबेरी! पण आमच्या चौथीच्या सहलीत या सगळ्यापेक्षा जास्त लक्षात राहिला तो एक फोन. हरवलेला फोन!

झालं असं, की वेण्णा तलावावर मुलं मोजून बसमध्ये बसवली आणि आमच्याबरोबरच्या गुरुजींनी खिशात हात घातला. फोन नाही! दुसरा खिसा, पिशवी, बसमधली जागा, सगळं पाहून झालं. गुरुजींचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या जेवणाचं बिल, बसचे राहिलेले पैसे, सगळं त्या फोनवरूनच द्यायचं होतं.

"काळजी करू नका हो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "लॉक आहे ना? मग कुणाला काय करता येणार?"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक मुलगी म्हणाली, "बाई, लॉक असला तरी फोन वाजला तर उचलता येतो की. मी आजोबांचा उचलते ना!"

खरंच की! मी लगेच गुरुजींचा नंबर लावला. एकदा वाजला, दोनदा वाजला, आणि पलीकडून आवाज आला, "हॅलो, ह्यो फोन हितं घोड्यांपाशी घावलाय बघा. कुणाचा हाय?"

दहा मिनिटांत एक घोडेवाले मामा स्वतः बसपाशी आले आणि फोन गुरुजींच्या हातात ठेवला. पैसे देऊ केले तर घेईनात. मुलांनी पुढे केलेली चिक्की मात्र त्यांनी घेतली. अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी घोड्याला दिली!

बस निघाली, गाणी सुरू झाली. पण ती मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं दुसरा प्रश्न विचारला. "बाई, लॉक असलेला फोन उचलता येतो. मग त्यातले पैसेही देता येतात का?"

आजचा हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. बसमध्ये मला ते नीट देता आलं नव्हतं.

मोठा दरवाजा आणि दिंडी

महाबळेश्वरहून वीसेक किलोमीटरवर प्रतापगड. तो किंवा दुसरा एखादा किल्ला तुम्ही पाहिला असेल. गडाचे दरवाजे केवढे मोठे असतात! असा दरवाजा रात्री एकदा बंद झाला, की एकट्यादुकट्या माणसासाठी तो उघडणं काही परवडायचं नाही. म्हणून पुष्कळ किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या मोठ्या दरवाजातच एक छोटा दरवाजा केलेला असतो. त्याला म्हणतात दिंडी दरवाजा. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून आत येणार. पहारेकरी आधी त्याचं तोंड पाहणार, मगच त्याला पुढे सोडणार.

फोनचं कुलूपही असंच आहे. आपल्याला वाटतं, लॉक केला म्हणजे सगळं बंद. पण तसं नसतं. लॉक असलेल्या फोनवर आलेला फोन उचलता येतो. बॅटरी लावता येते. बहुतेक फोनवर फोटो काढता येतो. अडचणीच्या वेळी ११२ नंबर लावता येतो. हे सगळे फोनचे दिंडी दरवाजे. ते चुकून राहिलेले नाहीत. आपल्या सोयीसाठी मुद्दाम ठेवलेले आहेत. त्यातलाच एक दरवाजा उघडा होता, म्हणून तर गुरुजींचा फोन परत मिळाला!

तेव्हा दिंडी असणं वाईट नाही. प्रश्न असा असतो, की तिथे पहारेकरी आहे का, आणि तो आत येणाऱ्याला नीट ओळखतो का?

न शिवता पैसे कसे जातात?

दुकानात काही जण कार्ड किंवा फोन मशीनजवळ नेतात, 'टुँ' असा आवाज होतो आणि पैसे जातात. हे तुम्ही पाहिलं असेल. या पद्धतीला एनएफसी म्हणतात. मशीन आणि फोन यांच्यात चार-पाच सेंटिमीटर अंतर असलं तरच त्यांचं बोलणं होतं. म्हणजे साधारण दोन-तीन बोटांची रुंदी!

कार्डाची गंमत तर आणखी मोठी. त्यात बॅटरीच नसते. मशीनमध्ये तारेचं वेटोळं असतं, त्यातून सतत बदलणारी वीज वाहते, आणि त्यामुळे जवळच्या कार्डातल्या छोट्या वेटोळ्यातही वीज तयार होते. तेवढ्या विजेवर कार्डातली चिप जागी होते आणि उत्तर देते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं १८३१ साली शोधलेलं तत्त्व ते हेच.

चिप काय उत्तर देते? 'एवढी रक्कम, या वेळी, या मशीनला' असा हिशेब करून ती एक गुप्त खूण तयार करते. ही खूण दर वेळी नवी असते. तिची नक्कल करून दुसऱ्यांदा पैसे काढता येत नाहीत. जुन्या काळच्या पत्रावर जसं शिक्कामोर्तब व्हायचं, तसाच हा शिक्का. फोनमध्ये त्याच्याही आधी एक पायरी असते. बोट टेकवा, चेहरा दाखवा किंवा आकडे दाबा. थोडक्यात, 'मालक स्वतः हो म्हणतोय' हे पटल्याशिवाय फोन शिक्का मारत नाही.

व्यवस्था झकास आहे. मग घोळ झाला कुठे? घाईत!

गेटवरची घाई

लंडन शहरात जमिनीखालून धावणारी रेल्वे आहे. सकाळी तिच्या गेटवर माणसांची नुसती रीघ लागते. २०१४ पासून तिथे साधं बँकेचं कार्ड गेटला लावून आत जाता येऊ लागलं. पुढे लोक फोन लावू लागले. पण प्रत्येकानं गेटपाशी थांबून बोट टेकवायचं, चेहरा दाखवायचा म्हटलं तर रांग रस्त्यापर्यंत जाईल! म्हणून ॲपल कंपनीनं आयफोनमध्ये एक सोय केली. एक कार्ड 'प्रवासासाठी' म्हणून निवडून ठेवायचं. मग रेल्वेच्या गेटला फोन लावला, की तो लॉक असतानाच भाडं देऊन मोकळा होणार.

फोनला कसं कळतं, की समोर रेल्वेचं गेट आहे, वाण्याचं दुकान नाही? गेट आधी एक ठरावीक सांकेतिक खूण पाठवतं. ती ऐकली की फोन समजतो, 'हे गेट आहे. मालकाला विचारायची गरज नाही.'

म्हणजे दिंडीवरचा पहारेकरी चेहरा बघत नव्हता. तो फक्त परवलीचा शब्द ऐकत होता. आणि तो शब्द रोज, दर गेटवर, हवेत मोठ्यानं उच्चारला जात होता!

कानगोष्टींचा खेळ

तुम्ही कानगोष्टी खेळला असाल. ओळीनं बसायचं, पहिल्यानं दुसऱ्याच्या कानात वाक्य सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. 'आजीनं केली पुरणपोळी' असं निघालेलं वाक्य शेवटी 'काजीनं नेली तुरडाळी' होऊन बाहेर पडतं. मधल्याला ऐकू आलं नाही तर गंमत होते. पण मधल्यानं मुद्दामच निरोप बदलला तर?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम आणि सरे या दोन विद्यापीठांतल्या संशोधकांनी नेमका हाच खेळ करून पाहिला. आपलं संशोधन त्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं. ओळीत तिघे होते. एका टोकाला लॉक असलेला आयफोन, दुसऱ्या टोकाला दुकानात असतं तसं पैसे घ्यायचं मशीन, आणि मधे त्यांची स्वतःची छोटी यंत्रं.

मधल्यानं पहिली थाप फोनला मारली. गेटची खूण ऐकवून म्हणाला, "मी रेल्वेचं गेट आहे." फोनला खरं वाटलं. मालकाला न विचारता तो शिक्का मारायला तयार झाला.

आता रक्कम मोठी असली, की दुकानातलं मशीन विचारतं, "फोनच्या मालकानं स्वतः होकार दिला आहे ना?" इथं मधल्यानं दुसरी थाप मारली. मशीनला परस्पर सांगून टाकलं, "हो, दिलाय!" मशीननंही विश्वास ठेवला.

आणि एक हजार पौंड गेले! तेव्हाच्या भावानं हे साधारण एक लाख रुपये होतात. त्या वेळी ब्रिटनमध्ये कार्ड नुसतं टेकवून फार तर ४५ पौंड देता येत होते. इथे हजार गेले, आणि फोनचं कुलूप होतं तसंच होतं. ना कुणी आकडे चोरले, ना कुणी कुलूप फोडलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. रकमेवर शिक्का होता, म्हणून मधल्याला रक्कम बदलता आली नाही. पण 'मालकानं होकार दिलाय' या निरोपावर तसा पक्का शिक्का नव्हता. ती नुसती जोडलेली चिठ्ठी होती. सीलबंद पाकिटाला बाहेरून टाचणीनं लावलेली चिठ्ठी कुणीही बदलू शकतो, नाही का?

हा घोटाळा सगळीकडे झाला का? नाही. आयफोनमध्ये 'प्रवासासाठी' व्हिसा कंपनीचं कार्ड निवडलेलं असलं तरच ही युक्ती चालली. मास्टरकार्ड कंपनीच्या कार्डाबरोबर ती चालली नाही. सॅमसंगच्या फोनचा पहारा तर फारच साधा आणि हुशार निघाला. लॉक असताना तो गेटला शून्य रकमेचाच होकार देत होता. प्रवास किती झाला, भाडं किती, हे रेल्वे मागाहून ठरवणार. त्यामुळे खोट्या गेटनं हजार मागितले तरी हाती भोपळा!

हिरकणीची वाट

तुम्ही म्हणाल, "बाई, हे संशोधक तर चोरांनाच वाट दाखवतायत!" मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मला हिरकणी आठवली.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला, की पोलादपूर, महाडवरून रायगडाला जाता येतं. रायगडाची ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हिरकणी गवळण गडावर दूध विकायला आली. संध्याकाळी दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवलं, दरवाजा काही उघडला नाही. तेव्हा ती माउली रात्री कडा उतरून घरी गेली. जिथून शत्रू कधी येणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती, तो कडा एक बाई एकटी उतरली! हे कळल्यावर शिवाजी महाराजांनी काय केलं? तिला शिक्षा नाही केली. तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला, आणि त्या जागी बुरूज बांधला. तोच हिरकणी बुरूज.

किल्ल्याची उणीव दाखवणारा माणूस शत्रू नसतो. उणीव कळल्यावर बुरूज न बांधणं, हा खरा धोका असतो.

संशोधकांनीही हिरकणीसारखंच केलं. प्रयोगासाठी फोन त्यांचेच, कार्डंही त्यांचीच, कुणाचा एक पैसा घेतला नाही. जगाला सांगण्याआधी त्यांनी ॲपलला ऑक्टोबर २०२० मध्ये आणि व्हिसाला मे २०२१ मध्ये कळवलं, म्हणजे त्यांना दुरुस्तीला वेळ मिळावा. निरोप मधून फिरून आला तर थोडा जास्त वेळ लागतो, तो वेळ मोजून मधला पकडता येईल, असा उपायही त्यांनी सुचवला.

मग बुरूज बांधला का लगेच? तेव्हा ॲपलनं सांगितलं, की अडचण व्हिसाच्या व्यवस्थेत आहे. व्हिसाचं म्हणणं पडलं, की प्रयोगशाळेत हे जमतं, बाहेर मोठ्या प्रमाणावर करणं अवघड आहे, आणि ग्राहकाचे पैसे बुडू देत नाही. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. चोराला फोन हातात किंवा अगदी जवळ मिळायला हवा, मधली यंत्रं हवीत, शिवाय पैसे घेणारं मशीन हवं. पण दोन पहारेकरी एकमेकांकडे बोट दाखवत उभे राहिले, की दिंडीकडे कोण बघणार? वर्गात फळा कुणी पुसायचा यावरून भांडण होतं आणि फळा तसाच राहतो, हे तुम्हाला मी काय सांगावं!

आपल्याकडच्या दिंड्या

हे झालं लंडनचं. आता परत आपल्या महाबळेश्वरच्या बाजारात येऊ या. चिक्कीचं दुकान असो की कणसाची गाडी, दुकानदारानं चौकोनी ठिपक्यांचं चित्र लावलेलं असतं. आई फोन उघडते, चित्रावर धरते, रक्कम टाकते आणि गुपचूप पिन दाबते. ही यूपीआय पद्धत आपल्या देशात २०१६ साली सुरू झाली. इथे फोनचं कुलूप वेगळं आणि पैशाचा पिन वेगळा. गडाच्या दरवाजातून आत आलात, तरी खजिन्याची किल्ली निराळी!

पण सोय म्हणून आपल्याकडेही छोट्या दिंड्या ठेवल्या आहेत. कार्ड पिनशिवाय टेकवून २,००० रुपयांपर्यंत देता येत असत. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा ५,००० केली. यूपीआय लाइट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. त्यात छोट्या रकमेला पिन लागत नाही. सुरुवातीला एका वेळी २०० रुपये देता येत होते, डिसेंबर २०२४ मध्ये ते १,००० झाले आणि त्यात एकूण ५,००० रुपये ठेवता येऊ लागले. मुंबईत मेट्रोच्या गेटला लावायचं 'मुंबई वन' कार्ड जानेवारी २०२३ मध्ये आलं, तेही घाईच्या गेटसाठीच.

या सगळ्यांत एक समान गोष्ट दिसते का? मर्यादा! दिंडीतून हत्ती जात नाही. पहारेकरी फसलाच, तरी फार मोठं काही बाहेर जाऊ नये, म्हणून दारच लहान ठेवायचं. लंडनच्या प्रयोगात नेमकं हेच सुटलं होतं. दिंडी म्हणून ठेवलेल्या दारातून हजार पौंडांचा हत्ती निघून गेला.

रिझर्व्ह बँकेनं आणखी एक चांगली गोष्ट केली. १ ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड हाती येतं तेव्हा त्याची नुसतं टेकवून पैसे द्यायची सोय बंद असावी, असा नियम लागू झाला. ती हवी असेल तर मालकानं स्वतः सुरू करायची. दिंडी उघडायची की नाही, हे घरमालकानं ठरवायचं.

घरी करून पाहा

आता तुमचं काम! रविवारी आईबाबांना घेऊन बसा. त्यांच्या परवानगीनं त्यांचा फोन लॉक करा आणि वहीत लिहा, लॉक असताना हा फोन काय काय करतो? कोण किती दिंड्या शोधतं, त्याची पैज लावा. मग एकेकीसमोर तीन प्रश्न लिहा. ही आपल्याला हवी आहे का? इथून कोण येऊ शकतं? आणि फसगत झालीच, तर किती नुकसान होईल?

दोन दिंड्या मी आधीच सांगून ठेवते, कारण त्या बहुतेक घरांत उघड्या असतात.

पहिली, लॉक असलेल्या पडद्यावर दिसणारे मेसेज. बँकेचा ओटीपी आला आणि तो कुलूप न उघडताच वाचता आला, तर कुलपाचा काय उपयोग? सेटिंग्जमध्ये जाऊन मेसेजचा मजकूर लपवता येतो.

दुसरी, सिम कार्ड. फोनला कुलूप असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, की सगळे ओटीपी तिकडे! त्यासाठी सिमला वेगळा पिन लावता येतो. हे काम मात्र मोठ्यांनीच करायचं. पिन तीनदा चुकला तर सिमच अडकून बसतं.

पालकांनाही एक विनंती. टेकवून पैसे द्यायची सोय वापरत नसाल तर ती बंद ठेवा. वापरत असाल तर मर्यादा आपल्या गरजेपुरतीच ठेवा. *#०६# हे दाबलं की फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. तो वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर बँकेला आणि सिम कंपनीला लगेच कळवा. २०२३ पासून 'संचार साथी' या सरकारी सेवेतून हा नंबर देऊन हरवलेला फोन बंद करता येऊ लागला आहे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर फोन करा. इथे लाजेनं किंवा भीतीनं घालवलेला एकेक तास महाग पडतो. आणि हो, चूक मुलांच्या हातून झाली असेल तर आधी रागावू नका. रागाला भिणारं मूल उशिरा सांगतं.

सगळ्या दिंड्या बंद करू नका, बरं का! लॉक असलेल्या पडद्यावरही घरच्या एखाद्या माणसाचा नंबर दिसेल, अशी सोय फोनमध्ये असते. ती सुरू ठेवा. फोन हरवल्यावर तो चोरालाच मिळतो असं थोडंच आहे?

त्या दिवशी परतताना गुरुजींनी पाचगणीला बस थांबवली आणि सगळ्या मुलांना स्ट्रॉबेरी खाऊ घातली. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला एक द्रोण जास्त! त्याच रात्री त्यांनी आपल्या फोनवरचे मेसेज लपवले, सिमला पिन लावला आणि पडद्यावर आपल्या पत्नीचा नंबर दिसेल असा ठेवला.

तुमच्या घरच्या फोनला किती दिंड्या सापडल्या? मोजा, आणि मला जरूर कळवा.